चावी बंद, तरी बॅटरी उतरते: ट्रॅक्टरमधला चोरटा करंट कसा शोधायचा

सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ होतं. बॅटरी चार्जिंगला जाते, दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग कुणीतरी म्हणतं, बॅटरीच गेली, नवी टाका. नवी बॅटरी महिनाभर तग धरते, कारण ती नवी असते, आणि मग तीही बसते. जी वायर रात्रभर करंट खात होती ती मात्र जागच्या जागीच राहते. म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी एक रात्र, एक साधा मल्टिमीटर आणि २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, एवढा खर्च करा.

बॅटरी सकाळी उतरलेली दिसण्याची कारणं तीनच. बॅटरी स्वतः चार्ज धरत नाही, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) ती भरत नाही, किंवा चावी बंद असताना काहीतरी करंट खेचतं. लक्षण तिन्हींचं सारखंच असतं, म्हणून अंदाजानं सामान बदलत बसलं की खिसा रिकामा होतो. आधी वेगळं करा, मग दुरुस्त करा.

पहिली रात्र: बॅटरीची परीक्षा

बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा. चार्जरवरून काढल्या काढल्या व्होल्टेज मोजू नका. तेव्हा १३ च्या आसपास आकडा दिसतो, तो वरवरचा चार्ज असतो. बॅटरी ट्रॅक्टरला जोडून हेडलाईट दोन मिनिटं लावा, बंद करा, तासभर थांबा आणि मग मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दशांशाला इथे फार किंमत आहे. ‘बारा दाखवतंय की’ म्हणून जी बॅटरी निर्दोष ठरवली जाते, ती खरं तर उतरलेली असते.

आता निगेटिव्हची क्लिप काढून बाजूला बांधून ठेवा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी १२.५५ च्या वर आकडा असेल तर बॅटरी चार्ज धरते आणि चोर ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये आहे. वायर काढलेली असतानाही १२.३ वर आली असेल तर बॅटरीच आतून गेली आहे. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनं सहाही खाने तपासा. एका खान्याचं माप बाकीच्यांपेक्षा ५० पॉइंटनं कमी आलं, म्हणजे पाच खाने १२५० आणि एक १२०० किंवा त्याखाली, तर तो खाना मेलेला आहे. चार्जिंगनं तो परत येत नाही.

निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, कारण मात्र थोड्यांना माहीत असतं. पॉझिटिव्हच्या नटावर पाना असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं आणि निगेटिव्ह जोडलेली असली, तर पाना लाल होतो आणि बॅटरीवर साचलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. निगेटिव्ह आधी काढलेली असेल तर तोच पाना बॉडीला लागून काहीच होत नाही. हातात कडं किंवा अंगठी असेल तर काढून ठेवा.

आणखी एक गोष्ट बॅटरीच्या माथ्यावरच तपासून घ्या. मीटरची काळी पिन निगेटिव्ह टर्मिनलला आणि लाल पिन बॅटरीच्या वरच्या प्लास्टिकवर टेकवा. तिथे एखादा व्होल्ट दिसला तर ॲसिड, धूळ आणि ओल यांचा थर करंट वाहून नेतोय. गळती लहान असते, पण महिनाभर उभ्या ट्रॅक्टरला पुरते. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्रशनं घासा. झाकणं घट्ट लावलेली हवीत. सोडा खान्यात गेला तर ॲसिड मारतो.

चार्जिंग आधी निकालात काढा

इंजिन चालू करून दीड हजार आरपीएमवर ठेवा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. १३.८ ते १४.४ ठीक. १३.२ च्या पुढे जात नसेल तर रात्रीचा चोर शोधायची घाई नको, दिवसाची कमाईच कमी आहे. बेल्ट अंगठ्यानं दाबून पाहा. मधोमध सेंटिमीटरभर दबावा, त्याहून फार नको. अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलवर, म्हणजे बी प्लसवर, १४.३ आणि बॅटरीवर १३.५ असं निघालं तर मधली वायर किंवा लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) गंजलेला आहे. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी उघडून घासा. रंगावर आवळलेली अर्थिंग म्हणजे अर्थिंग नव्हे.

‘सेल्फ जास्त वेळा मारल्यामुळे बॅटरी उतरते’ हेही फारसं खरं नाही. सेल्फ ३०० अँपिअर घेऊन दहा सेकंद फिरला तरी एक अँपिअर-तासदेखील जात नाही. चार्जिंग नीट असेल तर तेवढं काही मिनिटांत भरून निघतं. अर्थात उसाच्या हंगामात कारखान्याच्या यार्डात नंबर लावून उभ्या ट्रॅक्टरवर इंजिन बंद करून रात्रभर दिवे आणि टेप चालू असेल, तर तो बिघाड नाही, ती वापरलेली बॅटरी आहे.

चोर किती खातो, त्यावरून तो कोण

८८ अँपिअर-तासाची बॅटरी अर्धी झाली की डिझेल इंजिन थंडीत फिरवायला तिची दमछाक होते. म्हणजे चोराला ४४ अँपिअर-तास पळवायचे असतात. २० मिलिअँप खेचणाऱ्याला त्यासाठी तीन महिने लागतात, ४०० मिलिअँपवाल्याला साडेचार दिवस, साडेतीन अँपिअरवाल्याला साडेबारा तास. म्हणून ‘किती दिवसांनी उतरते?’ हा पहिला प्रश्न. रोज सकाळी उतरत असेल तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) किंवा ब्रेक लाईटसारखा मोठा भार. आठवड्यानं उतरत असेल तर टेप, ॲम्प्लिफायर, एखादा रिले. महिन्यानं उतरत असेल तर बॅटरीचं वय, माथ्यावरची घाण किंवा जीपीएस ट्रॅकर.

साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये चावी बंद असताना करंट जवळजवळ शून्य असायला हवा. अल्टरनेटरच्या डायोडांमधून झिरपणारे एक-दोन मिलिअँप चालतात. डिजिटल मीटर, घड्याळ किंवा ट्रॅकर असेल तर २०-३० पर्यंत समजून घेता येतं. ५० च्या पुढे गेलं की शोधायलाच हवं.

मीटर लावण्याआधी बल्ब

चावी काढा, सगळी बटणं बंद करा, निगेटिव्हची क्लिप सोडवा. आता निगेटिव्ह टर्मिनल आणि ती सुटी क्लिप यांच्या मधे २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब लख्ख पेटला तर दीड अँपिअरच्या वर करंट आहे, कदाचित सरळ शॉर्टच. मंद लाल झाला तर अर्ध्या अँपिअरच्या आसपास. पेटलाच नाही तर गळती लहान आहे किंवा नाही, आणि आता मीटर लावायला हरकत नाही.

बल्ब आधी का? बाजारातल्या पिवळ्या स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या भोकामागे बहुतेकदा फ्यूजच नसतो. शॉर्ट असलेल्या लाईनवर तो थेट लावला की मीटरच्या वायरी वितळतात. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही.

मग मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, बटण १० अँपिअर डीसीवर. लाल टोक सुट्या क्लिपला, काळं टोक निगेटिव्ह टर्मिनलला. टोकांना क्रोकोडाईल क्लिप लावा, हातानं धरून हे काम होत नाही. आकडा २०० मिलिअँपच्या बराच खाली असेल तरच लहान रेंजवर जा. मीटर मधे असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही. आणि काम झालं की लाल पिन परत व्होल्टच्या भोकात घाला. ती अँपिअरच्या भोकात विसरून दुसऱ्या दिवशी कुणी बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलं की मीटरमधूनच शॉर्ट होतो. जळालेल्या मीटरांची निम्मी कथा हीच.

ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, असलेला कॉमन रेल (डिझेल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं सोडणारा) ट्रॅक्टर असेल तर थोडा धीर धरा. २०२३ पासून भारतात ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू झाले, त्यामुळे हे ट्रॅक्टर आता गावोगाव आहेत. चावी बंद केल्यावर ईसीयू काही मिनिटं जागा असतो आणि तेवढा वेळ करंट घेतो. बॅटरीची वायर लगेच ओढू नका. मीटर लावल्यावरही पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच आकडा खरा माना.

एकेक रस्ता बंद करत जा

मीटर डोळ्यांसमोर ठेवून एकेक फ्यूज काढा, आकडा बघा, परत लावा. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या लाईनवर चोर. मग त्या लाईनवरचे सॉकेट एकेक सोडवा. पट्टीचे फ्यूज असतील आणि ईसीयूला जागं करायचं नसेल तर फ्यूज न काढताही कळतं. फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या बिंदूंवर मिलिव्होल्ट मोजा. करंट नसेल तर शून्य, असेल तर काहीतरी दिसतंच. १० अँपिअरच्या फ्यूजवर ४०० मिलिअँपला सुमारे ३ मिलिव्होल्ट.

खरी गंमत फ्यूज संपल्यावर सुरू होते. सगळे फ्यूज काढले तरी आकडा तसाच, असं ट्रॅक्टरमध्ये वारंवार होतं, कारण अल्टरनेटरची बी प्लस, सेल्फची जाड केबल आणि चावीकडे जाणारी मुख्य वायर बऱ्याच मॉडेलांत त्या फ्यूजबॉक्सच्या आधीच निघतात. शिवाय नंतर बसवलेलं सामान कुणी फ्यूजबॉक्सपर्यंत नेत नाही. थेट बॅटरीच्या लगखाली वायर दाबून मोकळं होतात. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्हवर जाड केबलीशिवाय जेवढ्या बारीक वायरी दिसतील, त्या आधी सुट्या करून बघा. निम्मी प्रकरणं तिथेच संपतात.

टेपच्या वायरींचा गोंधळ नेहमीचा. पिवळी वायर मेमरीची, ती कायम चालू लागते आणि काही मिलिअँपच खाते. लाल वायर चावीतून यायला हवी. बसवणारा माणूस चावीची वायर शोधायचा कंटाळा करतो आणि लाल-पिवळी एकत्र पिळून बॅटरीला देतो. मग टेप कधी पूर्ण झोपतच नाही. त्यात ॲम्प्लिफायर असेल तर त्याला जागं करणारी निळी वायरही जिवंत राहते आणि आवाज नसतानाही तो अर्धा-एक अँपिअर खात बसतो. इलाज फुकटचा आहे: लाल वायर चावी चालू असतानाच जिवंत होणाऱ्या लाईनला हलवा.

मागचा नांगर दिवाही संशयित. त्याला पाठीवर स्वतःचं बटण असतं आणि वायर बऱ्याचदा थेट. एलईडी बसवलेला असला आणि तोंड जमिनीकडे वळलेलं असलं तर दुपारच्या उन्हात तो चालू आहे हे दिसत नाही. १८ वॅटचा दिवा दीड अँपिअर नेतो. ब्रेक लाईटचा स्विच चिखलानं अडकला तर २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर. हॉर्नचा, हजार्डचा रस्ता कायम चालू असतो, त्यांची बटणंही सोडवून बघा. ट्रॉलीचं सात पिनांचं सॉकेट तर चिखल, पाणी आणि शेण झेलायला सगळ्यांत मागे टांगलेलं असतं. झाकणाची स्प्रिंग गेली की पिनांमध्ये हिरवा गंज साठतो आणि ओल आली की तोच वायरचं काम करतो.

चावीचा स्विच तपासायला मीटर व्होल्टवर घ्या. चावी बंद, आणि स्विचच्या मागच्या ज्या टर्मिनलवरून पुढे लाईन जाते तिथे शून्य हवं. पाच-सात व्होल्टही दिसले तर आत पितळी धूळ किंवा पाणी आहे, किंवा पुढून उलटा करंट येतोय. प्रेशर पंपानं ट्रॅक्टर धुतल्यावर सुरू झालेली तक्रार असेल तर इथूनच सुरुवात करा.

अल्टरनेटर: आतला चोर

हा सगळ्यांत फसवा, कारण चार्जिंग ठीकठाक दाखवूनही तो रात्री बॅटरी पितो. आत सहा मोठे डायोड असतात, तीन पॉझिटिव्ह पट्टीवर, तीन निगेटिव्हवर. बऱ्याच अल्टरनेटरांत फिल्डला, म्हणजे फिरणाऱ्या रोटरच्या वेटोळ्याला, करंट देणारे आणखी तीन छोटे. त्यांचं काम वाल्व्हसारखं: करंट बॅटरीकडे जाऊ द्यायचा, परत येऊ द्यायचा नाही. पॉझिटिव्हचा एक डायोड शॉर्ट झाला की बॅटरीचा करंट त्यातून उलटा स्टेटरच्या (न फिरणाऱ्या) वेटोळ्यात शिरतो, तिथून छोट्या डायोडांमधून रोटर आणि व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरपर्यंत पोचतो. इंजिन बंद, तरी फिल्ड चालू. दोन ते चार अँपिअर सरळ जातात.

याच्या खुणा मीटरशिवायही दिसतात. चावी बंद असताना चार्जिंगचा लाल दिवा अंधारात मिणमिणतो. इंजिन थंड होऊन तीन-चार तास झाले तरी अल्टरनेटर हाताला कोमट लागतो. आणि मागच्या बेअरिंगजवळ किंवा पुलीच्या नटाजवळ स्क्रूड्रायव्हर नेला तर तो ओढला जातो, कारण रोटर चुंबक झालेला असतो.

खात्री करायला बॅटरीची निगेटिव्ह पूर्ण काढा, अल्टरनेटरची बी प्लस वायर आणि सॉकेट सोडवा, बी प्लसचा लग इन्सुलेशन टेपनं गुंडाळा आणि बल्ब किंवा मीटर पुन्हा लावा. आकडा पडला तर चोर सापडला. पूर्ण अल्टरनेटर टाकायची गरज नाही, डायोड प्लेट वेगळी मिळते. फक्त बेअरिंग आणि ब्रश त्याच वेळी बघून घ्या, कारण उघडायची मजुरी दोनदा कशाला.

इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजायची युक्तीही आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड संशयास्पद. पण स्वस्त मीटर एसीवर ठेवून डीसी लावलं की ते दुप्पट आकडा दाखवतात आणि पिना उलट्या केल्या की शून्य. तुमचा मीटर असं करत असेल तर या युक्तीच्या नादी लागू नका.

डायोड का जातात? उलटी बॅटरी जोडल्यानं, दुसऱ्या बॅटरीवरून चालू करताना वायरी अदलाबदल झाल्यानं, निगेटिव्ह न काढता हूकला वेल्डिंग मारल्यानं. आणि एका जुन्या सवयीनं: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘बंद पडतोय का बघ’ म्हणायचं. अल्टरनेटरच्या आधीच्या डायनामोच्या काळात ते खपून जायचं. अल्टरनेटरवर बॅटरी काढताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि त्यात डायोड किंवा रेग्युलेटर जातो. चार्जिंग तपासायला मीटर आहे, ही परीक्षा सोडून द्या.

अजून डायनामोवर चालणारे जुने ट्रॅक्टर असतील त्यांच्यात डायोड नाही, कटआउट असतो, म्हणजे करंट उलटा जाऊ न देणारा पॉइंटांचा स्विच. त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरी रात्रभर डायनामोला करंट देते. इंजिन बंद असताना डॅशवरच्या अँपिअर मीटरचा काटा मायनसकडे कललेला दिसला तर कटआउटचं झाकण उघडा. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह बॉडीला असते, तेव्हा कुठलीही वायर सोडण्याआधी ते पाहून घ्या; तिथे आधी काढायची ती बॉडीची, म्हणजे पॉझिटिव्ह.

कधी दिसतो, कधी नाही

सगळं करून मीटर शून्य दाखवतो आणि तरी बॅटरी आठवड्यातून एकदा उतरते, तेव्हा मीटर लावून ठेवून वायरिंग हलवा. डॅशखालचा जुडगा, बॉनेटच्या बिजागरीजवळची वायर, स्टिअरिंग कॉलमखालचा वळसा, मडगार्डमधून मागच्या दिव्याकडे जाणारं भोक. भोकातली रबरी बुश गेली असेल तर पत्रा इन्सुलेशन कापतो आणि खड्ड्यात ट्रॅक्टर हलला तेवढ्यापुरताच शॉर्ट होतो. शेडमध्ये उंदीर असतील तर बॅटरीखालची आणि टूलबॉक्समागची वायर हातानं चाचपा, नुसतं बघून कुरतडलेलं कळत नाही. दुपारी शून्य आणि पहाटे दवात १५० मिलिअँप असंही होतं. मागच्या सॉकेटवर पाणी शिंपडून मोजलं की ते दुपारीही पकडता येतं.

वायर सापडली की पिळून टेप लावू नका. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं. लग दाबा किंवा झाळा, वर उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढवा. थेट बॅटरीवरून जे काही न्यायचं असेल त्याला टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. १५ अँपिअरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते.

बरेच जण शोधाशोध टाळायला निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवतात. दोन-तीन महिने उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरला तो चांगलाच, पण चोर असलेल्या ट्रॅक्टरला ती कुबडी आहे. शॉर्ट होणारी वायर चालत्या ट्रॅक्टरमध्ये तशीच असते आणि आगीची भीती तिथेच जास्त. बसवलात तर इंजिन चालू असताना तो कधीच फिरवू नका, कारण वर सांगितलेली व्होल्टेजची उसळी इथेही तीच. ईसीयूवाल्या ट्रॅक्टरला चावी बंद केल्यावर काही मिनिटं थांबून मग फिरवा.

दुरुस्ती झाल्यावर मीटर पुन्हा लावा आणि जो आकडा येईल तो तारखेसह बॅटरीच्या बॉक्सच्या झाकणावर आतून मार्करनं लिहा. वारंवार पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं, म्हणून चोर पकडल्यावर पहिल्या रात्रीची परीक्षा बॅटरीला पुन्हा एकदा द्यायला लावा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल आणि केबल-लग स्वच्छ असतील, तर आता मात्र नवी बॅटरी घ्यायला हरकत नाही.